पांच जणांची फळी आणि तिचा वस्ताद

फुटबॉल हा शब्द कानीं पडला कीं आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें मुंबईचें कूपरेज मैदान आणि पायानें टोलवला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवानें ओळखला जाणारा खेळ अगदीं निराळा आहे. तेथील चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांस निमुळता. तो काखेंत घेऊन पळावयाचें किंवा हातानें फेकावयाचें. लाथ मारण्याचा प्रसंग सबंध सामन्यांत मोजकाच येतो. तेथील विद्यापीठांत या खेळाचें वेड इतकें आहे कीं शनिवारच्या सामन्यास ऐंशी हजार, कित्येक ठिकाणीं लाखाहून अधिक माणसें जमतात. हीं सर्व माणसें चेंडूकडे पाहत असतात. आणि मैदानावरच पांच माणसें अशीं असतात, कीं ज्यांचा चेंडूशीं, एकाचा अपवाद सोडल्यास, काडीचाहि संबंध येत नाहीं. या पांच जणांना शिकविणाऱ्या माणसाचा व्यवसाय कसा असतो, त्यांत मान किती आणि अनिश्चितता किती, हें समजून घ्यावयाचें असल्यास जो मूर या शिक्षकाचें चरित्र पाहावें. त्याच्याइतकें बोलकें उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

प्रथम खेळाचा सांगाडा. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यानें चार डावांत निदान १० यार्ड पुढें सरकावयाचें. तें साधलें तर पुन्हां चार डाव मिळतात; न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. दर डावाच्या आरंभीं दोन्ही संघ समोरासमोर ओळी धरून वांकून उभे राहतात. मध्यावरचा गडी आपल्या दोन पायांमधून चेंडू मागें देतो, आणि पुढील चार-सहा सेकंदांत जें कांहीं व्हावयाचें तें होऊन जातें. चेंडू मागें देणारा हा गडी म्हणजे सेंटर. त्याच्या दोन्ही अंगांस दोन गार्ड आणि त्यांच्याहि पलीकडे दोन टॅकल. हीच ती पांच जणांची फळी. चेंडू घेऊन पळणाऱ्यास वाट करून देणें, आणि चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक त्याच्या अंगावर कोणी येऊं न देणें, हीं तिचीं दोन कामें. तिला पुढें फेकलेला चेंडू झेलण्याची नियमानें मनाई आहे. पंचांना हीं माणसें ओळखतां यावीं म्हणून त्यांच्या सदऱ्यावर ५० ते ७९ यांपैकींच अंक असावा लागतो. म्हणजे त्यांच्या पाठीवरच लिहिलेलें असतें कीं हा मनुष्य चेंडूचा अधिकारी नव्हे.

फळीची ही कल्पना अमेरिकनांनीं इंग्रजांच्या रग्बींतून हळूहळू घडविली. रग्बींत चेंडूसाठीं दोन्ही बाजूंची एकच झोंबाझोंबी चालते. चेंडू कोणाचा याचा निर्णय त्या गर्दींतच लागावयाचा. १८८० सालीं येल विद्यापीठाचा वॉल्टर कँप यानें ही पद्धत मोडून चेंडू निर्विवादपणें एका पक्षाकडे देण्याचा नियम मंजूर करून घेतला. दोन्ही ओळी समोरासमोर उभ्या राहूं लागल्या त्या तेव्हांपासून. पुढें हा खेळ इतका क्रूर झाला कीं १९०५ च्या एका मोसमांत कित्येक तरुण प्राणांस मुकले, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी करावी लागली. १९०६ सालीं नियम बदलले, चेंडू पुढें फेकण्यास परवानगी मिळाली, दोन्ही ओळींमध्यें चेंडूच्या लांबीएवढें अंतर राखण्यांत येऊं लागलें. खेळ मोकळा झाला. परंतु मध्यावरची झुंज कायम राहिली, आणि ती झुंज शिकविण्याचें शास्त्र मात्र उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेलें.

हें शास्त्र म्हणजे केवळ बळाचा वापर, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. खेळाडूंचीं शरीरें पाहतां तो साहजिकहि आहे. हल्लींच्या फळींतील गड्याचें वजन ३०० पौंडांच्या आसपास, कित्येकांचें त्याहूनहि जास्त असतें. परंतु समोरचाहि तसाच धिप्पाड असतो. शिवाय समोरच्यास हात हवे तसे वापरण्याची बरीच मोकळीक, आणि यांस मात्र मिठी मारण्याची किंवा सदरा ओढून धरण्याची बंदी. तसें केलें कीं १० यार्ड मागें जाण्याची शिक्षा. व्यावसायिक संघांत १९७८ पर्यंत हात पुढें पसरून पंजे उघडे ठेवण्याचीहि मुभा नव्हती. गड्यानें कोपर व खांदा यांवरच भिस्त ठेवावयाची. अशा स्थितींत फळीच्या पदरीं एकच सवलत उरते. चेंडू केव्हां निघणार हें तिला आधीं ठाऊक असतें, समोरच्यास नसतें. क्षणाच्या या अंशाचें भांडवल कसें करावयाचें हेंच शिक्षकानें शिकवावयाचें.

तें शिकवितांना आरंभ होतो तो बसण्यापासून. दोन पाय आणि एक हात जमिनीवर टेकून गडी वांकतो. त्या हातावर भार जास्त पडला तर बोटांचे सांधे पांढरे पडतात. समोरचा अनुभवी गडी तें पाहतो आणि ओळखतो कीं हा पुढें घुसणार, म्हणजे चेंडू पळवला जाणार. भार कमी असेल तर हा मागें सरणार, म्हणजे चेंडू फेकला जाणार. म्हणून दोन्ही प्रसंगीं बैठक एकच दिसली पाहिजे. त्यानंतर पहिलें पाऊल. तें जेमतेम वीतभर टाकावयाचें. लांब ढांग टाकली तर टक्कर होते त्या वेळीं एक पाय हवेंत असतो, आणि एका पायावरचा हत्तीहि कलंडतो. दुसरें पाऊल जमिनीस लागल्यावरच अंग भिडलें पाहिजे. कंबर खालीं, पाठ सपाट, कोपरें बरगड्यांशीं, पंजे समोरच्याच्या छातीवर आंतल्या बाजूनें. ज्याचा खांदा खालीं त्याचा जय, हा आपल्या तालमींतल्या कुस्तीगिरासहि ठाऊक असलेला नियम येथें अक्षरशः खरा ठरतो. आणि मग पाय थांबतां कामा नयेत. टक्कर झाल्यावर पाय क्षणभर थबकणें हा मनुष्याचा स्वभाव आहे. तो स्वभाव मोडण्यांतच शिक्षकाचे महिने जातात.

गड्यानें ताठ उभें राहूं नये म्हणून सरावाच्या मैदानावर छातीइतक्या उंचीचें एक लोखंडी छप्पर उभारलेलें असतें. त्याखालून वांकून धांवत बाहेर पडावयाचें; डोकें वर काढलें कीं टाळूला लोखंड लागतें. गाद्या लावलेली लोखंडी गाडी ढकलावयाची ती निराळीच. हीं साधनें सर्वत्र सारखींच. फरक पडतो तो त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या माणसामुळें.

याहून अवघड भाग पुढेंच आहे. पांच जणांनीं एकाच वेळीं एकच विचार करावयाचा असतो. पुष्कळदां दोन शेजारी मिळून समोरच्या एकास ढकलतात. पण ढकलतां ढकलतां दोघांपैकीं एकानें त्यास सोडून मागून येणाऱ्या दुसऱ्या प्रतिपक्ष्याकडे वळावयाचें असतें. दोघांपैकीं कोणी, आणि केव्हां, हें आधीं ठरवितां येत नाहीं. तो प्रतिपक्षी कोणत्या बाजूनें येतो त्यावर तें अवलंबून. बोलावयास अवकाश नसतो. लाख लोकांच्या कल्लोळांत बोललेलें ऐकूंहि येत नाहीं. शेजाऱ्याच्या नितंबाचा स्पर्श आपल्या अंगास कसा होतो यावरून त्याचा बेत ओळखावयाचा. हुतूतूच्या साखळींत एकाचा हात सुटला कीं चढाई करणारा निसटतो, त्यांतलाच प्रकार. चार जणांनीं काम चोख बजावलें आणि पांचवा चुकला, तर डाव फसला. म्हणून फळीच्या शिक्षकास पांच उत्तम गडी नकोत, एक उत्तम पंचक हवें असतें. संघांतील इतर शिक्षकांपेक्षां त्याचें काम निराळें पडतें तें यामुळें. पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, फेकणाऱ्याचे झेल मोजतात. फळीच्या गड्याच्या नांवापुढें वर्तमानपत्रांतील कोष्टकांत बहुधा कांहींच छापलें जात नाहीं. त्याचें नांव पुकारलें जातें तें त्यास दंड झाला म्हणजे.

जो मूर यांचा जन्म १९३२ चा, पोलाद आणि कोळसा यांच्या पेनसिल्व्हानिया प्रांतांतील पिट्सबर्ग शहरचा. त्या भागांतील खाण-कारखान्यांच्या गांवांत फुटबॉल हा पोरांचा खेळ नसून गांवाच्या अब्रूचा प्रश्न असे. मूर यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें तेथील माध्यमिक शाळांतून मुलांस खेळ शिकविण्यांत घालविलीं. पिट्सबर्गच्या दक्षिणेस अप्पर सेंट क्लेअर म्हणून उपनगर आहे. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील शाळेच्या संघाचे ते मुख्य शिक्षक होते. त्या संघांत कर्क फेरेंट्झ नांवाचा एक मुलगा खेळत असे. त्याचें नांव पुढें पुन्हां यावयाचें आहे.

१९७७ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, मूर पिट्सबर्ग विद्यापीठांत फळीचे शिक्षक म्हणून दाखल झाले. या वयांत बहुतेक लोक मुख्य शिक्षकाच्या जागेकडे डोळे लावून असतात. मूर मात्र शाळेंतील मुख्यपद सोडून विद्यापीठांतील दुय्यम पदावर आले, आणि पुढें आयुष्यभर त्याच पदावर रमले. मोठमोठ्या विद्यापीठांनीं त्यांस बोलावलें तें फळीसाठींच. मोठ्या पदास नकार देणें सोपें. धाकट्या पदांत मोठें होणें अवघड, आणि त्यांनीं तें करून दाखविलें.

पिट्सबर्ग येथें जॅकी शेरिल हे मुख्य शिक्षक होते. १९७९, १९८० आणि १९८१ या लागोपाठ तीन मोसमांत त्या संघानें प्रत्येकीं अकरा सामने जिंकले व एकच गमावला. चेंडू फेकावयास डॅन मरिनो याच्यासारखा पुढें जगप्रसिद्ध झालेला तरुण होता, म्हणून श्रेयाचा मोठा वांटा त्यास मिळाला; परंतु त्यास चेंडू फेकावयास उसंत कोणी मिळवून दिली हें जाणत्यांना ठाऊक होतें. १९८० च्या फळीकडे आज मागें वळून पाहिलें तर आश्चर्य वाटतें. मार्क मे यास त्या वर्षीं औटलँड पारितोषिक मिळालें. देशांतील विद्यापीठांतील सर्वोत्तम फळीवाल्यास तें देण्यांत येतें. सेंटरच्या जागीं रस ग्रिम होता. हा मूळचा फळीचा गडी नव्हेच. विरुद्ध बाजूनें, म्हणजे संरक्षणांत खेळणारा. जिम्बो कोव्हर्ट हाहि तसाच संरक्षणांतून आणलेला. ग्रिम यास व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत २०१० सालीं, कोव्हर्ट यास २०२० सालीं स्थान मिळालें. ज्यांना आपण फळींत खेळूं असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें अशांना तेथें आणून बसविणें यांत शिक्षकाची पारख दिसून येते.

या तरुणांचा रोजचा सराव कोणाशीं होई, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्याच संघाच्या संरक्षक बाजूस ह्यू ग्रीन आणि रिकी जॅक्सन हे दोघे उभे असत. ग्रीन १९८० सालीं देशांतील सर्वोत्तम खेळाडूच्या हाइस्मन पारितोषिकाच्या निवडींत दुसरा आला. संरक्षणांतील गड्यास असा मान क्वचितच मिळतो. जॅक्सनची कीर्तिमंदिरांत निवड झाली ती नेमकी ग्रिमबरोबर, २०१० सालींच. शनिवारचा सामना या मंगळवार-बुधवारच्या सरावापेक्षां सोपाच वाटत असला पाहिजे.

मे व ग्रिम दोघेहि १९८१ सालीं वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघांत गेले. तेथें जो ब्यूगल या शिक्षकानें आपल्या फळीस 'हॉग्ज', म्हणजे डुकरें, असें नांव दिलें. आपल्याकडे ही शिवी झाली असती. तेथें तें बिरुद ठरलें, आणि ज्यांच्याकडे कोणी पाहत नसे त्या फळीच्या नांवानें प्रेक्षक गर्जना करूं लागले. ग्रिमनें त्या संघाबरोबर तीन वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. कोव्हर्ट शिकागोच्या संघांत गेला व १९८५ च्या मोसमाचा विजेता झाला. त्यांच्यामागून पिट्सबर्गच्या फळींत बिल फ्रॅलिक आला. त्याच्या पराक्रमाची मोजदाद करावी कशी हा विद्यापीठाच्या प्रसिद्धिखात्यापुढें प्रश्न पडला, तेव्हां त्यानें समोरच्यास उताणा पाडलें कीं एक 'पॅनकेक' धरावयाचा अशी गणती सुरू करण्यांत आली. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचा भाऊ. तव्यावर उलथलेल्या धिरड्यासारखा प्रतिपक्षी सपाट पडला, असा भावार्थ. फळीवाल्यांना अखेर मोजण्याजोगें कांहींतरी सांपडलें.

मूर यांची शिकविण्याची रीत करडी होती. आवाज मोठा, जीभ तिखट, समाधान दुर्मिळ. समोरच्या माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलविण्यासारखा आनंद दुसरा नाहीं, अशा अर्थाचें त्यांचें एक वचन त्यांचे शिष्य अजून सांगतात. या आनंदाची किंमत मात्र शिष्यांनीं घामानें मोजली. करड्या गुरूविषयीं मागाहून प्रेमानें बोलणें सोपें असतें. त्या वेळीं सर्वांनाच तें तसें वाटलें असेल असें म्हणतां येत नाहीं, आणि हा प्रश्न पुढें न्यायालयांतहि निघावयाचा होता.

दुय्यम शिक्षकाच्या नोकरीचें एक दुखणें येथें सांगावयास हवें. त्याची नेमणूक मुख्य शिक्षकाच्या मर्जीनें होते. मुख्य शिक्षक हरला आणि काढला गेला, कीं त्याच्याबरोबर दहा-पंधरा कुटुंबांस बाडबिस्तरा आवरावा लागतो, मग एखाद्याचें स्वतःचें काम कितीहि चोख असो. नवा मुख्य आपली माणसें घेऊन येतो. म्हणून या व्यवसायांतील मनुष्य वीस वर्षांत पांच-सहा गांवें बदलतो. मुलांच्या शाळा बदलतात, घरें विकलीं जातात. आणि नोकरी टिकली तरी ती मैदानापुरती नसते. मोसम संपला कीं हिंवाळ्यांत गांवोगांव फिरून शाळांतील होतकरू मुलें हेरावयाचीं, त्यांच्या आईबापांच्या दिवाणखान्यांत बसून त्यांचीं मनें वळवावयाचीं. फळीच्या शिक्षकास तर सतरा वर्षांच्या, अजून वाढ न झालेल्या मुलाकडे पाहून चार वर्षांनीं हा केवढा होईल याचा अदमास बांधावा लागतो. पिट्सबर्ग येथें शेरिल यांच्यामागून फॉज फॅझिओ आले. १९८५ च्या मोसमानंतर तेहि गेले, आणि मूर यांचीहि तेथील नऊ वर्षें संपलीं. मधलीं दोन वर्षें त्यांनीं फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठांत काढलीं.

१९८८ सालीं त्यांस इंडियाना प्रांतांतील नॉटर डेम विद्यापीठांतून बोलावणें आलें. अमेरिकेंतील कॅथलिक समाजास या विद्यापीठाविषयीं जो अभिमान आहे त्यांत फुटबॉलचा वांटा फार मोठा. तेथील मुख्य शिक्षक लू होल्ट्झ यांस चेंडू फेकण्यापेक्षां पळविण्याची आवड. अर्थात् फळीवरच सर्व मदार. त्या वर्षीं अँडी हेक नांवाचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, जो तोंवर फळीच्या कडेला उभा राहून चेंडूहि झेलीत असे, त्यास टॅकलच्या जागीं आणण्यांत आलें. पहिल्याच मोसमांत त्याची गणना देशांतील उत्तम फळीवाल्यांत झाली. त्या संघानें बाराच्या बारा सामने जिंकले. त्यांत मायामीवरचा ३१-३० असा एका गुणानें मिळविलेला विजयहि होता. आणि १९८८ चें राष्ट्रीय अजिंक्यपद नॉटर डेमकडे आलें. पुढें आठ वर्षें मूर तेथेंच राहिले. १९९३ सालीं त्यांचा शिष्य ॲरन टेलर यास लोंबार्डी पारितोषिक मिळालें.

नोव्हेंबर १९९६ मध्यें होल्ट्झ यांनीं राजीनामा दिला. संरक्षणाचे प्रमुख बॉब डेव्ही यांची मुख्यपदीं नेमणूक झाली, आणि त्यांनीं मूर यांस ठेवून न घेण्याचें ठरविलें. मूर त्या वेळीं चौसष्ट वर्षांचे होते. एरवीं येथेंच गोष्ट संपली असती. नवा मुख्य आला, जुना दुय्यम गेला. या व्यवसायाची रूढीच तशी, आणि तिच्याविरुद्ध कोणी कधीं दाद मागितल्याचें सहसा ऐकूं येत नसे. मूर यांनीं ती मागितली. आपल्यास वयामुळें काढलें, आणखी पांच वर्षें काम करूं शकेल असा मनुष्य हवा असें आपल्यास सांगण्यांत आलें, असें त्यांचें म्हणणें होतें. विद्यापीठाचें म्हणणें निराळें: मूर खेळाडूंना धाक घालीत, त्यांचा छळ करीत, अपमानकारक बोलत, वयाचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेंत १९६७ सालीं झालेल्या एका कायद्यान्वयें चाळीस वर्षांवरील नोकरास केवळ वयाच्या कारणास्तव काढतां येत नाहीं. खटला लाफायेत येथील संयुक्त न्यायालयांत जुलै १९९८ मध्यें पंचांपुढें चालला. ज्या विद्यापीठाच्या नांवास त्या प्रांतांत इतका मान, त्याच्याविरुद्ध त्याच प्रांतांतील पंचांनीं निकाल द्यावयाचा होता, आणि त्यांनीं तो मूर यांच्या बाजूनें दिला. बुडालेला पगार म्हणून सुमारें ४२,९३५ डॉलर त्यांस मिळावे असें पंचांनीं ठरविलें. आणि हा भेदभाव जाणूनबुजून केलेला होता असाहि त्यांचा अभिप्राय पडल्यामुळें कायद्याप्रमाणें ती रक्कम दुप्पट, म्हणजे सुमारें ८५,८७० डॉलर, झाली. मूर यांची मुख्य मागणी मात्र पैशाची नव्हती. त्यांना आपली जागा परत हवी होती. ती न्यायमूर्ति ॲलन शार्प यांनीं नाकारली. त्या जागीं दुसऱ्या माणसाची नेमणूक होऊन गेलेली, आणि दोन्ही पक्षांत इतकी कटुता आलेली, कीं एका मैदानावर त्यांनीं पुन्हां काम करणें शक्य नाहीं, असें त्यांस दिसलें. जागेऐवजीं पुढील पगाराचा मोबदला म्हणून आणखी सुमारें ७५,५७७ डॉलर देवविण्यांत आले.

या निकालाचा अर्थ काय लावावा? कायद्याच्या दृष्टीनें मूर जिंकले, यांत शंका नाहीं. पण मुख्य शिक्षकास आपले सहकारी निवडण्याची पूर्ण मोकळीक असावी, कारण पराभवाचें खापर त्याच्याच माथ्यावर फुटतें, या मतालाहि वजन आहे. पंचांनीं ती मोकळीक काढून घेतली नाहीं. तिला एक मर्यादा आहे एवढेंच दाखविलें. फळीचें काम शिकवितांना शिक्षकास स्वतः धांवावें लागत नाहीं. त्याचें भांडवल असतो त्याचा डोळा, आणि तो चौसष्टाव्या वर्षीं चाळिसाव्यापेक्षां अधूच झालेला असतो असें कोणी म्हणूं नये.

जुलै २००३ मध्यें मूर कर्करोगानें वारले. त्यांच्या नांवावर कोणताहि विक्रम नाहीं. दुय्यम शिक्षकाच्या नांवावर विक्रम नोंदवीतच नाहींत. त्यांचा वारसा शोधावयाचा तो माणसांत. अप्पर सेंट क्लेअरच्या शाळेंतील कर्क फेरेंट्झ १९८० सालीं पिट्सबर्ग येथें त्यांच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागला. पुढच्याच वर्षीं, मूर यांच्या शिफारशीवरून, आयोवा विद्यापीठांत फळीचा शिक्षक झाला. आणि १९९९ सालीं तेथील मुख्य शिक्षक झाला. अँडी हेक स्वतः फळीचा शिक्षक बनला. कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक संघानें २०१९, २०२२ आणि २०२३ या मोसमांचें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां त्याची फळी हेकच्या हातची होती.

मूर यांचा दुसरा शिष्य ॲरन टेलर याच्या पुढाकारानें २०१५ पासून 'जो मूर पारितोषिक' देण्यांत येऊं लागलें. तें एका खेळाडूस मिळत नाहीं. देशांतील विद्यापीठांतील सर्वोत्तम फळीस, म्हणजे सबंध पंचकास आणि त्यांच्या बदली गड्यांसहि मिळून दिलें जातें. पहिलें अलाबामा विद्यापीठानें जिंकलें. २०१६ सालीं तें फेरेंट्झ यांच्या आयोवाकडे गेलें. २०२४ सालीं मिळालें तें वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयास. तेथील मुलें अंगानें इतरांहून लहान, आणि म्हणूनच पायांच्या चपळाईवर व एकजुटीवर त्यांची सारी भिस्त. मानचिन्ह म्हणजे वांकून उभ्या असलेल्या पांच फळीवाल्यांचा पुतळा आहे. वजन सुमारें ८०० पौंड, एकट्यादुकट्यास तें हलवितांहि यावयाचें नाहीं. २०१७ च्या मोसमाचें तें मानचिन्ह नॉटर डेमनें जिंकलें.